धडामबाईंच्या मुद्दाम चुका

माझा वर्ग आणि शाळेची प्रयोगशाळा यांची भिंत एकच होती, हे माझं दुर्दैव. मी भाषेचा मास्तर. इकडे कवितेतला हळवा भाव समजावत असायचो आणि पलीकडे धाडकन काहीतरी फुटायचं. पोरं खिदळायची आणि माझी कविता जागच्या जागी मरायची. पलीकडच्या विज्ञानाच्या बाईंना सगळी शाळा धडामबाई म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

एकदा तावातावानं भांडायला गेलो, तर बाई पत्र्याचा डबा तापवत होत्या. "आत वाफ भरलीय. आता हा गार पाण्यात उपडा दाबला तर? फुगेल म्हणणारे खिडकीकडे, चेपेल म्हणणारे दाराकडे, काही होणार नाही म्हणणारे फळ्याशी. सर, तुम्हीसुद्धा! मधे लटकायचं नाही." मी फळ्याशी गेलो. डबा पाण्याला टेकला आणि कुणीतरी बुक्की घालावी तसा चेपला. नववीचा अख्खा वर्ग डबा सोडून माझ्या तोंडाकडे बघत हसत सुटला.

"आधी पैज लावायला लावायची, मग फोडायचं," बाई नंतर म्हणाल्या. "उत्तर आधी सांगितलंत की प्रयोग म्हणजे नुसती करमणूक."

त्यांची खरी खोड मात्र वेगळी होती. शिकवताना त्या मुद्दाम चुका करायच्या. संरक्षक चष्मा न लावता बर्नरवर वाकायच्या, बाटलीवरचं नाव न वाचता ती उचलायच्या. ज्याला दिसेल त्यानं "थांबा!" म्हणून ओरडायचं. ओरड ऐकली की ज्याचा हात जिथे असेल तिथे थिजायचा, बाईंचासुद्धा. उगाच ओरडलं तरी कुणी रागवायचं नाही.

याचं मूळ त्यांच्या घरात होतं. त्यांचे थोरले भाऊ बॅटरीच्या कारखान्यात होते. ॲसिड पाण्यात थोडं थोडं सोडायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच ओतायचं नाही, हे तिथे झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. एके दिवशी मुकादमानं घाईत नेमकं उलटं केलं. मुकादमाला टोकणार कोण? पिंप उसळलं ते दादांच्या तोंडावर. दोन्ही डोळे गेले. दादा अजून बहिणीकडेच असतात आणि कधीतरी जेवता जेवता मधेच म्हणतात, "सगळे बघत होते गं."

नववीत एक काडीसारखी मुलगी होती, तिला सगळे पेन्सिल म्हणायचे. कुणी हात वर केला तरी मान आत घ्यायची. घरी काय चालत असेल ते सांगायला नको. बाई तिच्या मागेच लागल्या. आधी कुजबुजत, मग चाचरत, आणि शेवटी ती असं "थांबा!" ठोकायला लागली की माझ्या हातातला खडू पडायचा.

एका सकाळी बाई दादांना दवाखान्यात घेऊन गेल्या आणि त्यांच्या तासाला पट्टीसर आले. लाकडी पट्टीशिवाय या माणसाला कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी ॲसिडच्या भांड्यावर पाण्याचा मग धरला. पेन्सिल ओरडली. वर्ग थिजला. सर वळले, "मला शिकवतेस?" म्हणाले आणि पट्टीची धार तिच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला, दात तुटून बाकावर पडला. मग तिच्याकडे बघत, हट्टानं, त्यांनी पाणी ओतलं.

किंचाळ्या ऐकून मी धावलो. सरांचं मनगट सोललं होतं, पेन्सिलच्या मानेवर फोड उठत होते. दोघांना नळाखाली धरलं, तर रक्त आणि पाणी एकच झालं.

बाई परतल्या त्या थेट शिक्षकांच्या खोलीत. ती पट्टी त्यांनी टेबलावर आपटून मोडली आणि टोकदार तुकडा सरांच्या गळ्याला लावला. "माझ्या पोरीला परत हात लावून दाखव!" मी आणि शिपाई मिळून त्यांना ओढत होतो, तरी ओढल्या जाईनात. पुढे सरांना घरी बसवलं आणि बाईंना ताकीद मिळाली. मला विचाराल तर ती ताकीद फुकट गेली.

पेन्सिल परत आली ती मुकी होऊन. वर्गही मुका. बाई एकामागून एक चुका करायच्या आणि पोरं माना खाली घालून बघत राहायची. मार एकीनं खाल्ला होता, पण तो बसला होता सगळ्यांना.

"उद्या माझ्या तासाला या," बाई म्हणाल्या. "नळापाशी उभे राहा."

त्यांनी चष्मा लावला, एवढी अक्कल शाबूत होती. मुलांना मागच्या भिंतीशी उभं केलं. भांड्यात ॲसिड घेतलं, डाव्या उघड्या हातानं ते धरलं आणि उजव्या हातात पाण्याचा मग घेतला. तो मग हळूहळू कलायला लागला. सगळ्यांना कळत होतं. पेन्सिल जमिनीकडे बघत होती. हातातला मग आणखी कलला, पाण्याची धार आत पडली, चर्र झालं. बाईंच्या हातावर शिंतोडे उडाले. त्यांनी दात आवळले, पण तो मग काही सरळ केला नाही.

"थांबा! बाई, थांबा!"

पेन्सिल अशी ओरडली की ओठाची जखम उलली आणि हनुवटीवरून रक्त ओघळलं. बाईंचा हात जागीच थिजला. मी त्यांना नळाकडे खेचलं. डाव्या हाताच्या मागच्या बाजूचं कातडं पांढरं पडलं होतं. बाई रडत होत्या आणि हसतही होत्या.

"वेड लागलंय का तुम्हाला?" मी ओरडलो. "भांड्यात नुसतं पाणी घेऊन नाटक करता आलं असतं!"

"तिला खोटं लगेच कळतं, सर."

तोवर पेन्सिल मला बाजूला ढकलून पुढे आली. बाईंचा हात तिनं आपल्या हातात घेतला, धारेखाली नीट धरला आणि माझ्याकडे रागानं बघितलं.

"तुम्ही का नाही ओरडलात, सर? तुम्हाला तर दिसत होतं."