दोघांत एक पुस्तक

“थांब. पान उलटूं नको. ती येऊं दे.”

हे वाक्य सर मुलांना तमिळमधून सांगत आणि मग स्टाफरूममध्ये माझ्यापाशी आपल्या मराठीत परत सांगत. माझा हिंदीचा वर्ग आणि त्यांचा इंग्रजीचा वर्ग यांच्यामध्ये प्लायवूडची एक भिंत होती, त्यामुळे मूळ आणि भाषांतर दोन्ही माझ्या वाट्याला यायची. तमिळनाडूत हिंदी शिकवणाऱ्या बाईला भिंतीपलीकडचं ऐकायला भरपूर वेळ असतो. माझ्या विषयात कुणी नापास होत नसे, कारण कुणाला त्याचं सोयरसुतकच नव्हतं.

तुमच्याही शाळेत असा एक मास्तर असेलच. पँटवर खडूचा हात पुसणारा, घंटा झाली तरी वर्गातून न हलणारा, आणि पुढच्या तासाच्या बाईंच्या शिव्या खाणारा. पुढच्या तासाची बाई बहुतेक वेळा मीच असे.

ओळख झाली ती फोनमुळे. नवऱ्याच्या बदलीमुळे साताऱ्याहून तंजावूरला आले होते. स्टाफरूमच्या कोपऱ्यात आईशी फोनवर भांडत होते. फोन ठेवला तर समोर सर उभे.

“बाई, तुम्हीं आमचें बोलतां की!”

मी चकित झाले. वाटलं, बखरीतून एखादा कारकून उठून आला आणि शर्ट-पँट घालून उभा राहिला. राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं घर. पिढ्यान्‌पिढ्या तिथंच. मराठी घरात बोलायचे, देवनागरी मात्र एक अक्षर येत नव्हतं. “तुमची मराठी फार घाईंत असते, बाई. आमची बसून बोलायची आहे,” असं म्हणायचे. मला राग यायचा आणि पटायचंही.

नववीला आमच्या शाळेनं एक जुनी इंग्रजी कादंबरी लावलेली होती. दोन अनाथ पोरं, नदीवरच्या कोळशाच्या होड्यांवर हमाली करणारी. उपास, मार, थंडी. त्यातल्या एकाला खोकला जडतो. बाकीचे इंग्रजीचे शिक्षक ती कादंबरी झटपट उरकत. सारांश लिहून द्यायचा, महत्त्वाचे प्रश्न सांगायचे, की सुटलो. सरांची तऱ्हा वेगळी होती. दोन मुलांत एकच पुस्तक. घरी दुसरी प्रत असली तरी वर्गात आणायची नाही. वाचणारीच्या शेजारी अडखळणारी बसवायची. एक परिच्छेद हिनं मोठ्यानं वाचायचा, पुढचा तिनं, आणि दोघींचं डोळ्यांनी वाचून झाल्याशिवाय पान उलटायचं नाही. भरभर वाचणारी पोरं चुळबुळत, पान बोटांत धरून बसत. सर बाकाशी जाऊन उभे राहत आणि ते वाक्य म्हणत.

“ह्यानें काय होतें?” मी एकदा विचारलं. पोर्शन कधी संपणार, हा माझा खरा प्रश्न होता.

“त्यांस वाट पाहतां येते, बाई. ह्या कादंबरींत दुसरें काय आहे?”

उपाशीपोटी एका पावाचे दोन तुकडे करण्याचं जे प्रकरण होतं ते ते मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासालाच घेत. टाइमटेबल जुळत नसेल तर माझा तास मागून घेत. डबे दप्तरात, लिंबूभाताचा आणि इडलीवरच्या पोडीच्या चटणीचा वास वर्गभर, आणि हे शांतपणे भुकेचं वाचतायत. “हें जेवण झाल्यावर वाचलें तर पाप लागेल,” असं त्यांचं म्हणणं. घंटा झाली की पोरं डब्यांवर तुटून पडत. पण त्या दिवशी आपल्या जोडीदाराचं झाकण उघडल्याशिवाय आपलं कुणी उघडत नसे. हे मी प्लायवूडच्या फटीतून पाहिलंय. दर वर्षी पाहिलंय.

प्रश्नपत्रिकेतल्या ‘ब्रिंग आउट द फ्रेंडशिप’ या प्रश्नावर त्यांचा विशेष राग होता. “बाहेर काढा म्हणे! आंत आहे ती सुखानें आंत असूं द्या की.”

आता करस्पाँडंटबद्दल सांगायला हवं. इकडे तमिळनाडूत खाजगी शाळेचा कर्ताकरविता जो असतो त्याला करस्पाँडंट म्हणतात. मुख्याध्यापिका सही करते, हा ठरवतो. आमचा करस्पाँडंट सरांच्याच गल्लीतला, त्यांच्याच वयाचा, मराठीच. दोघं लहानपणी एका बाकावर बसलेले. पुढे ह्यानं पापनाशमला सासऱ्याची भातगिरणी सांभाळली, ती वाढवली, आणि मग शाळा घेतली. सरांना बोलावून नोकरी त्यानंच दिली होती. त्याला अहो-जाहो लिहायला माझा हात वळत नाही, तेव्हा तुम्ही सांभाळून घ्या.

ही गोष्ट घडली त्या वर्षी सरांनी निवेदा आणि सेल्वी अशी एक जोडी लावली. निवेदा वर्गात पहिली. सेल्वी पापनाशमच्या बसनं यायची, इंग्रजीचं एक वाक्य वाचायला तिला घाम फुटायचा. सुरुवातीला निवेदा पान बोटांत धरून छताकडे बघत बसे. मग हळूहळू ती सेल्वीच्या कानात शब्द सांगायला लागली. मग सांगायचं थांबली, कारण गरज पडेना. आणि एकदा मी भिंतीआडून सेल्वीचा आवाज ऐकला, आख्खा परिच्छेद, न थांबता. मी माझ्या वर्गाला गप्प बसवलं.

नेमक्या त्याच सुमाराला शाळेत नवी पद्धत आली. दर चाचणीनंतर गुणांप्रमाणे तुकड्या. हुशार अ मध्ये, मधली ब मध्ये, उरलेली क मध्ये. शेजारच्या शाळांनी केलं म्हणून आम्हीही केलं. निवेदा अ, सेल्वी क. सरांनी इंग्रजीच्या तासापुरती पोरं जुन्या जोड्यांनी बसवली. क मधली मुलं वह्या छातीशी धरून अ च्या वर्गात येत. निवेदाच्या वडिलांचा फोन आला. माझी मुलगी दुसऱ्यांसाठी थांबायला फी भरत नाही, असं काहीतरी ते म्हणाले.

त्या वर्गाची वर्गशिक्षिका म्हणून मलाही केबिनमध्ये बोलावलं होतं. दोघं मराठीतच बोलले, जणू मी तिथं नाहीच.

“तूं ऐक जरा,” करस्पाँडंट म्हणाला. “प्रश्नोत्तरांचीं शीट दे पोरांस. सगळे देतात.”

“देतों. पोंगल होऊं दे. सेल्वी आतां कुठें वाचूं लागली आहे.”

“एका सेल्वीसाठीं मी शाळा चालवितों काय?”

“एकीसाठीं नव्हे. दोघींसाठीं.”

“तुझें नेहमींचेंच हें. तुला जग कळत नाहीं.”

सर हसले. “तुला कळतें की. तेवढें दोघांस पुरे.”

ते थट्टेनं म्हणाले होते. लहानपणापासून हेच चालत आलं असणार, हा जग कळणारा आणि हे न कळणारे. पण त्या माणसाचा चेहरा घट्ट झाला. मला तेव्हाच उमगलं की हे काही बरं होणार नाही. सरांना उमगलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, “पावम, त्याला फार ताप आहे.” पावम म्हणजे बिचारा. मला त्या क्षणी सरांना गदागदा हलवावंसं वाटलं.

पोंगल होऊन गेला तरी सरांनी शीट दिली नाहीत. जूनमध्ये शाळा उघडली आणि स्टाफरूममध्ये नवं टाइमटेबल लागलं. त्यात सरांचं नाव नव्हतं. एवढंच. कुणी बोलावलं नाही, कुणी सांगितलं नाही. सर चष्मा वर करून सगळे रकाने पुन्हा पुन्हा बघत उभे होते, आणि आम्ही सगळे शिक्षक आपापल्या पर्समध्ये, ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधत होतो. बाकावरचा मित्र तोंडानं ‘जा’ म्हणू शकला नाही, म्हणून त्यानं भिंतीला म्हणायला लावलं. सेल्वीच्या वडिलांनी तिला आधीच गावच्या सरकारी शाळेत घातलं होतं. क मधून दहावीला बसून काय होणार, असं त्यांना इथूनच कुणीतरी सांगितलं होतं.

आणि तरी निरोपसमारंभ झालाच! आपल्याकडे माणसाला हाकलतानाही शाल घालतात. पोन्नाडै, ती चकचकीत जरीकाठी, करस्पाँडंटनं स्वतःच्या हातानं सरांच्या खांद्यावर टाकली, फोटोसाठी थोडा वेळ धरूनही ठेवली. मग माईक हातात घेतला. आम्ही दोघं एका बाकावर होतो, म्हणाला. ही कादंबरी आम्ही दोघांत एक अशी वाचली. शेवटी होडीचा मालक त्या दोघा मित्रांना एकत्र होडीवर घेतो, आणि ती होडी दोघांना घेऊन निघते, तो प्रसंग मी जन्मात विसरलो नाही.

पहिल्या रांगेत अ तुकडी होती. खुसखुस सुरू झाली. निवेदा सरळ उभी राहिली.

“नो सर. दे डोंट गो टुगेदर.”

करस्पाँडंटला कळेना ती काय म्हणते. तो सरांकडे बघायला लागला. सर उठले, शाल सांभाळत माईकपाशी गेले, आणि आपल्या विद्यार्थ्यांना म्हणाले की करस्पाँडंट सांगतात ते बरोबर आहे, जुन्या आवृत्तीत शेवट तसाच होता. निवेदा खाली बसली. तिचा चेहरा मी पाहिला. जो माणूस तिला एक शब्द गाळू देत नसे, तो तिच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलला होता आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

मी संतापले होते. बसस्टॉपपर्यंत त्यांच्याबरोबर तावातावानं चालत गेले. कसली जुनी आवृत्ती? ज्यानं तुम्हाला घालवलं त्याची लाज राखायला तुमचीच मुलगी खोटी पाडलीत?

सर शाल घडी करायला लागले. ती गुळगुळीत होती, हातातून निसटत होती.

“आम्हीं ती वाचली त्याच वर्षीं ह्याचा बाप गेला, बाई. ह्यास इंग्रजी येत नव्हतें. आमच्या घरच्या तिण्णैवर, दारच्या ओट्यावर बसून मी त्यास वाचून दाखवीत होतों, मराठींत सांगत होतों. शेवट आला तर… कसें सांगूं? हा असा समोर बसलेला. मीं माझ्या मनचा शेवट सांगितला. दोघे जातात म्हणालों.” मग हसले. “देवाची कृपा, परीक्षेस शेवटावर प्रश्न आला नाहीं.”

“आणि पुढं कधी सांगितलं नाहीत?”

“केव्हां सांगूं? तो इतका खूश झाला होता.”

बस आली. मी चढले, ते तिथंच राहिले.

दुसरी नोकरी त्यांना कुणी दिली नाही. या वयाचा इंग्रजीचा मास्तर कुणाला हवा असतो? तिरुवैयारूच्या एका शिकवणीवर्गात काही दिवस जात होते. तिथंही शीट वाटायची होती, ते त्यांना जमलं नाही. मग घरीच असत. मी अधूनमधून जात असे. कादंबरीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. एकदा मात्र, निवेदा भेटते का, असं विचारलं. मी म्हटलं, भेटते. काय म्हणते, असं त्यांनी विचारलं नाही. वर्षभरातच एके सकाळी छातीत कळ येऊन गेले.

मी पोचले तेव्हा गल्लीत मांडव घातलेला होता. बायका आत रडत होत्या. बाहेर तिण्णैवर, दारालगतच्या त्या दगडी ओट्यावर, करस्पाँडंट एकटाच बसला होता. चप्पल काढून, पाय खाली सोडून. मला पाहून थोडा सरकला. मी उभीच राहिले.

“बाई, तुम्हीं त्या वर्गाच्या टीचर होतां,” तो म्हणाला. “तो मज सांगणार नाहीं म्हणून कधीं विचारलें नाहीं. त्या दिवशीं ती मुलगी काय म्हणाली?”

सरांनी हे एवढी वर्षं त्याच्यापाशी तोंडातून निघू दिलं नव्हतं. मी सरांइतकी भली नाही.

“ते दोघं एकत्र जात नाहीत,” मी म्हटलं. “सरांनी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. तुमचे वडील गेले होते म्हणून.”

“नाहीं, नाहीं. होडी दोघांस घेते.”

“होडीवर एकाचीच जागा असते.”

आत कुणीतरी टाहो फोडला.

“कोण जातो?” त्यानं विचारलं.

“जो धडधाकट असतो तो. दुसरा झोपलेला असतो तेव्हा.”

दारातून हाक आली. खांदा द्यायला एक जण कमी पडत होता. लहानपणापासूनचा मित्र म्हणून त्यालाच बोलवत होते, एकदा, दोनदा. त्यानं ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली होती. तो उठला नाही. शेवटी समोरच्या घरातला इस्त्रीवाला हात पुसत पुढे झाला.