झाडे मॅडमचं पाणी

विहिरीत उडी मारण्याआधी झाडे मॅडम चष्मा काढायच्या आणि काठावर जो कोणी उभा असेल त्याच्या हातात द्यायच्या. पहिल्या दिवशी तो हिंगणीच्या एका म्हाताऱ्या काकांच्या हातात गेला. काका आले होते आम्हाला थांबवायला.

"मॅडम, पोरी विहिरीत पोहून राह्यल्या. गावाले बरं नाई दिसत हे."

"याच विहिरीत बाया बुडाल्या, तवा बरं दिसलं होतं का, काका? धरा चष्मा."

आणि मॅडम पंजाबी ड्रेससकट धप्पकन आत. आम्ही वर येईपर्यंत काका दोन्ही हातांनी चष्मा सांभाळत उन्हात उभे. टाकून जाणार तरी कसे?

मॅडम हिंगणघाटला आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. इंडोनेशियातल्या एका बेटावर प्रवाळांच्या अभ्यासाचा कार्यक्रम निघाला, तेव्हा त्यांनी मला आणि अल्लीपूरच्या प्रगतीला अर्ज करायला लावला. आमची निवड झाली, सोबतच्या शिक्षिका म्हणून त्यांचीही. अट एकच, पोहता आलं पाहिजे. स्टाफरूममध्ये हशा पिकला. वर्ध्याच्या पोरींना प्रवाळाचं काय करायचं, असं कोणीतरी विचारलंच. मॅडम चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "पुस्तकात प्रवाळाचा धडा हाय ना? तो काय मुंबईच्याच पोरायसाठी छापला?"

म्हणून ही विहीर, त्यांच्या भावाच्या वावरातली. आमच्या पाठीला रिकामा डबा बांधून त्या आम्हाला आत ढकलायच्या आणि वरून ओरडायच्या, "भेव लागलं त लागू द्या, हात मारनं सोडू नका!" दम संपला की भिंतीतला दगड धरायचा, हेही त्यांनीच शिकवलं. विहिरीत सगळे असंच शिकतात. जीव वाचवायला दगड असतोच.

बेटावरच्या पहिल्या दिवशी आम्ही तिघी तोंडात श्वासाची नळी धरून पाण्यावर पालथ्या तरंगलो. खाली पिवळे, जांभळे, तपकिरी गड्डेच गड्डे. डोकं वर काढून प्रगती ओरडली, "मॅडम, हे त फुलकोबीचं वावर हाय वो!" मॅडम हसल्या आणि तेवढ्यात लाट आली. नळीत पाणी शिरलं. त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. जवळचा दगड धरला.

तो दगड नव्हता, जिवंत प्रवाळ होता. एक फांदी कट्‌कन मोडली. मॅडमचा तळहात फाटला आणि पाणी लाल झालं.

संध्याकाळी बेटावरच्या अभ्यास केंद्राच्या प्रमुखांनी निर्णय सांगितला. ते फार सौम्य बोलायचे. विहिरीत शिकलेल्या लोकांना प्रवाळावर सोडणं योग्य नाही, तुम्ही तिघी किनाऱ्यावर थांबा, बाकीचे गट पाण्यात जातील. पाण्याखाली मोजमापाची टेप अंथरून तिच्याखाली काय जिवंत, काय मेलेलं ते नोंदवणं, हाच तर सगळा अभ्यास होता. तोच काढून घेतला, तर आम्ही इतक्या लांब काय वाळू तुडवायला आलो होतो? प्रगती रडायला लागली.

मॅडम हाताला पट्टी बांधून प्रमुखांसमोर उभ्या राहिल्या. इंग्रजी मोडकं, पण थेट. "मोडलं ते मी. मला परत पाण्यात सोडू नका. या दोघींचा हात कुठेही लागलेला नाही. आणि कोणी काय मोडलं हेच बघायचं असेल, तर तिकडे बघा."

समोर बेटावरच्या हॉटेलची बोट उभी होती. तिचा लोखंडी नांगर त्याच प्रवाळावर टाकलेला होता. दोर ताणला की खाली नांगर घासत जायचा. आमच्यासकट सगळ्या विद्यार्थ्यांची ने-आण त्याच बोटीतून व्हायची.

"हा रोज पडतो. याला किनाऱ्यावर कधी बसवणार?"

 जगात नियम आधी कोणाच्या हाताला लागतो आणि कोणाच्या नांगराला कधीच लागत नाही, हे मला त्या संध्याकाळी कळलं. शेवटी प्रमुख म्हणाले, मुलींची परीक्षा घेऊ. दुसऱ्या दिवशी उथळ पाण्यात, चारी बाजूंनी प्रवाळ, आणि मध्ये कशालाही न शिवता तरंगायचं. दम लागला की हात आपोआप दगडाकडे जायचा आणि आम्ही तो छातीशी आवळून धरायचो. प्रगतीच्या पोटरीत गोळा आला, तरी तिनं हात सोडला नाही. आम्ही पास झालो.

मॅडम मात्र पुन्हा पाण्यात उतरल्या नाहीत. शब्द म्हणजे शब्द. आम्ही बाहेर आलो की त्या वाळूतून धावत यायच्या, "काय पाह्यलं? सांग पटपट, काही सोडू नको." आम्ही सांगायचो आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या.

शेवटच्या दिवशी प्रत्येक गटानं आपलं काम सगळ्यांसमोर मांडायचं होतं. आमच्या कामात नांगराखालच्या पट्ट्याची नोंदही होती. आधी प्रमुखांनी आम्हाला बाजूला घेतलं. बोटी हॉटेल देतं, म्हणाले, नांगराचा भाग गाळा, विषय नाजूक आहे. आम्ही दोघींनी मॅडमकडे पाहिलं.

"माह्याकडं काऊन पाहून राह्यल्या? मी त काठावर होती. पाण्यात तुमी गेलत्या."

मी उभी राहिले. पहिला फोटो मॅडमनी मोडलेल्या फांदीचा लावला आणि त्यांचं नाव घेऊन सांगितलं. समोर बसलेल्या मॅडमनी बरोबर म्हणून मान हलवली. मग प्रगतीनं नांगरानं चिरडलेल्या पट्ट्याचा फोटो लावला. प्रमुख उठले आणि हसून म्हणाले, वेळ संपली.

"आमचं नाही संपलं," प्रगती म्हणाली आणि तिनं पुढचा फोटो लावला.