शेजारचे दोन पलंग

मी निघाले त्या दिवशी जवळा बाजारचा आठवडी बाजार भरला होता. बाबांनी माझी बॅग डोक्यावर घेऊन कापसाच्या गाड्यांमधून वाट काढली. बाबा शाळेत शिपाई. विमानतळ त्यांनी पाहिलेला नव्हता. आई वारंगा फाट्यापर्यंत सोबत आली. हैदराबादची बस दिसली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तकलीफ झाली तर लपवू नको." मी चोवीस वर्षांची होते, नर्सिंग झालेली. देशाबाहेर जाणारी आमच्या घरातली पहिलीच.

आखातातल्या ज्या देशात गेले त्याचं नाव लिहीत नाही, कारण नोकरी अजून तिथंच आहे. डायलिसिसच्या वॉर्डात लागले. खिडकीजवळच्या दोन पलंगांवर दोन म्हातारे येत. हाजी रझा समुद्रापलीकडच्या देशातले, अबू सालेम शेजारच्या मोठ्या देशातले. दोघांचंही आयुष्य या तिसऱ्या देशात दुकानदारी करण्यात गेलेलं, भारतीय गिऱ्हाइकांमुळं हिंदी बोलत. आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला जोडलेले असायचे आणि त्या वेळात नुसते भांडायचे, खजुरावरून, फुटबॉलवरून. एकाला उशीर झाला की दुसरा दाराकडं बघत राही.

मग त्या दोन देशांनी आपापले राजदूत माघारी बोलावले. वॉर्डातल्या टीव्हीचा आवाज वाढला आणि फुटबॉल बंद झाला. पुढं समुद्रात एक जहाज पेटलं. कोणी पेटवलं यावर दोन्हीकडचे चॅनल दोन गोष्टी सांगत होते. विमानांचे मार्ग बंद झाले. अबू सालेमचा पुतण्या सरहद्दीवर फौजेत होता. एका सकाळी ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "सिस्टर, मेरा बेड बदल दो." मी बदलला. हाजी रझांनी भिंतीकडं तोंड केलं. मला काही बोलायला हवं होतं, पण परक्या देशात परक्यांच्या भांडणात पडायचं कसं, म्हणून पुढच्या मशीनकडं वळले.

आठवड्याभरात लढाई लागली. आधी ती त्या दोन देशांचीच होती. मग एकाला मदत करणारे, दुसऱ्याला तळ देणारे, असे सगळेच तिच्यात ओढले गेले. एका दुपारी आमच्या शहरात भोंगा वाजला. तळघरात जा, असा हुकूम होता. पण मशीनमधलं रक्त माणसाच्या अंगात परत जायला वेळ लागतो. अकरा माणसं जोडलेली होती. मी हाजी रझांच्या नळीवर हात ठेवून उभी होते. लांब कुठंतरी धमाका झाला, काचा थरथरल्या. सगळं शांत झाल्यावर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाहून अबू सालेमनी मला खुणेनं बोलावलं आणि हळूच विचारलं, "वो ठीक है?" मी म्हटलं, तुम्हीच विचारा. त्यांनी विचारलं नाही.

सरकारच्या खास विमानानं परत जाणाऱ्या भारतीयांच्या यादीत माझं नाव लागलं. आई फोनवर म्हणाली, "काहून थांबून राहिलीस? तुझ्यावाचून दवाखाना बंद पडणार न्हाई." मी वॉर्डच्या मोठ्या सिस्टरला सांगून निघाले. हाजी रझांना मात्र सांगवेना. गुरुवारी भेटू, असं खोटंच बोलले.

घरी आले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे. बाजारात लोक कौतुकानं विचारायचे, मिसाईल डोळ्यांनी पाहिलं काय? बाबा सारखे फोनवर बातम्या लावून बसत, मी त्या बंद करी आणि थोड्या वेळानं स्वतःच लावी. मग वॉर्डातली माझी केरळची मैत्रीण लिसी, जी तिथंच थांबली होती, तिचा फोन आला. हाजी रझांच्या घराकडून दवाखान्याकडं येणारा पूल लढाईमुळं बंद झाला होता. त्यांच्या दोन खेपा चुकल्या. तिसऱ्या वेळी आणलं तेव्हा उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी अबू सालेमनी आपला पलंग परत खिडकीजवळ लावून घेतला, मोकळ्या पलंगाशेजारी.

मी असते तर पूल उघडला नसता, हे मला कळतं. तरी तो गुरुवार डोक्यातून जात नाही.

शस्त्रसंधी झाली तशी मी बॅग भरली. आईनं दोन दिवस अबोला धरला. मग रात्रीच्या भाकरीसारखं साधं काहीतरी सांगावं तशी म्हणाली, "तिथली माणसंबी तुझीच झाली म्हन की."

व्हय, झाली. जवळ्यात असते तेव्हा तिकडचा पूल उघडा आहे का ते बघते, तिकडं असते तेव्हा इथल्या पावसाचा अंदाज. एका जागी बसून दुसरीची काळजी करत राहणं, एवढंच माझं घर उरलं आहे. तुमच्यातले जे घर सोडून गेले त्यांचंही बहुतेक असंच असेल.

आई आता फोनवर लढाईचं विचारत नाही. तिनं कधी न पाहिलेल्या अबू सालेमचं विचारते.

"तो म्हातारा आला का आज?"

आला, म्हणते मी. मग ती सोयाबीनचं सांगू लागते.