सुतकातला वस्तरा

चाळिशी उलटेपर्यंत वडिलांच्या गालाला मी कधी हात लावला नव्हता. पायाला लावला होता, दर सणाला आणि दर परीक्षेच्या आधी. आमच्याकडे बापाला हात लावायची जागा तेवढीच. बाकीचा बाप लांबून बघायचा असतो आणि शक्यतो त्याचं लक्ष नसताना.

मग बाबांची उजवी बाजू गेली. खळ्यात भाताचे भारे रचताना खाली बसले ते चौघांनी उचलूनच घरी आणले. अलिबागच्या दवाखान्यातून सुटून आले तेव्हा तोंड जरा वाकडं झालं होतं, उजवा हात मांडीवर ठेवला की तिथंच राहायचा आणि गालांवर पांढरी दाढी माजली होती. आजारापेक्षा त्यांना लाज त्या दाढीची. ओटीवरच्या खुर्चीत बसायचे आणि कुणी येताना दिसलं की टॉवेल तोंडावर घ्यायचे. जीभ जड झाली होती, शब्द अर्धे यायचे. तरी एक वाक्य रोज आख्खं यायचं, "मना काय सुतक हाय?"

आमच्या गावात वाढलेल्या दाढीचा अर्थ एकच. घरात किंवा भावकीत कुणी गेलं की दहा दिवस कुठल्याच पुरुषाच्या गालाला पातं लागत नाही. एरवी बाबा दिवसाआड दाढी करायचे, शनिवार टाळून, आणि तीही वस्तऱ्यानं. गावात दाढी करायला यायचे ते काका थकले, त्यांची मुलं पनवेलला दुकान टाकून बसली, तेव्हा त्यांनी आपला एक वस्तरा बाबांना देऊन टाकला. तेव्हापासून बाबांनी दुसऱ्या कुणाचा हात गालाला लावू दिला नव्हता.

एकदा त्यांनी डाव्या हातानं प्रयत्न केला आणि कानाची पाळी कापून घेतली. रक्ताचा टॉवेल गादीखाली दडवला. आईला तो सापडला तेव्हा ती त्यांना लहान पोराला बोलावं तशी बोलली. मी बाजारातलं प्लॅस्टिकचं रेझर आणलं. एक गाल झाला, बाबांनी तोंड फिरवलं. ते म्हणे खरवडतं. रेवदंड्याहून सलूनवाल्याला रिक्षानं घरी आणला. त्यानं सवयीनं बाबांचं डोकं धरून कलतं केलं आणि त्यांनी डाव्या हातानं त्याचा हात झटकला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते मी रोज बघत होतो. शेवटी चिडून मी म्हणालो, द्या तो वस्तरा, मीच करतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग परसातल्या पपईकडे बोट केलं.

मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. पण त्यांना कच्ची पपई हवी होती. तिला साबण लावायचा आणि वस्तऱ्यानं तो साबण तेवढा काढायचा. पुसल्यावर जिथं पांढरा चीक दिसेल तिथं गाल कापला असं समजायचं. माझ्या पहिल्या पपईला इतका चीक आला की तिची भाजी करावी लागली. दुसरीचीही भाजी झाली. आई म्हणाली, वस्तरा शिकून होईपर्यंत या घरात दुसरी भाजी मिळायची नाही.

रोह्याच्या कारखान्यात मला दुपारपाळी असायची, त्यामुळे सकाळ मोकळी होती. खिडकीच्या गजाला चामड्याचा पट्टा बांधलेला असे. त्यावर वस्तरा धार मागे ठेवून ओढायचा. मी पहिल्याच दिवशी उलटा ओढला आणि पट्ट्याची सालपटं काढली. बाबा घशातून आवाज करून हसले. दुखणं आल्यापासून ते पहिल्यांदा हसत होते. मी रागावलो, पण मनातून बरं वाटलं.

पपईला चीक यायचा थांबला तेव्हा ते माझ्यासमोर हनुवटी वर करून बसले. पपईच्या गळ्यात शीर नसते. मी वस्तरा उघडला तसे त्यांनी डोळे मिटले. विश्वास टाकल्यावर माणूस मिटतो तसे. कातडी ताणल्याशिवाय वस्तरा चालत नाही, म्हणून मी डाव्या हाताची बोटं त्यांच्या गालावर ठेवली. गाल मऊ होता. बापाचा गाल मऊ असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

डावा गाल ते आतून जीभ लावून फुगवून द्यायचे. उजव्या बाजूला जीभ जायची नाही. तिथं माझं बोट त्यांच्या तोंडात घालून आतून गाल उचलावा लागे. पहिल्यांदा दोघंही ओशाळलो. पुढे पुढे ते स्वतःच तोंड उघडून वाट बघत बसायचे, आणि त्या सकाळी मला कारखान्यात जावंसंच वाटायचं नाही.

दादा, माझा मोठा भाऊ, उरणला राहायचा. बंदरावर त्याचा एक ट्रेलर होता. रविवारी यायचा तेव्हा दारातूनच ओरडायचा की न्हाव्याचं दुकान उघडं आहे का. पण प्रत्यक्ष दाढी चालली असताना तो ओटीवर थांबायचा. एवढा अवजड ट्रेलर घाटातून उतरवणारा माणूस, त्याला बापाच्या गळ्यावरचं पातं बघवायचं नाही. झाल्यावर आत यायचा, बाबांच्या गालावरून उलटा हात फिरवायचा आणि मला म्हणायचा, जमलं तुला.

तो ट्रेलर धुताना गेला. छातीत कळ आली म्हणून टायरला टेकून बसला, एवढंच. आम्ही पोचलो तेव्हा वहिनी दवाखान्याच्या पायरीवर त्याच्या चपला घेऊन बसली होती. उरणलाच सगळं उरकलं. बाबांना मोठा धक्का बसता कामा नये असं डॉक्टर आधीच बजावून बसले होते. म्हणून वहिनीनं, आईनं आणि मी ठरवलं की दहावं होऊ दे, मग सांगू. बाबांची बहीण, आमची आत्या, पदरानं डोळे पुसत म्हणाली की कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मी तिचं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांची दाढीची पाळी होती. आत्या दारात आडवी उभी राहिली. पोटचा पोर गेलाय त्याचा, त्याच्या गालाला पातं लावू नको, असं हळू आवाजात म्हणाली. मी म्हणालो, नाही लावलं तर त्यांना कळेल. ती बाजूला झाली.

त्याआधी मला माझी दाढी करावी लागली, कारण माझे खुंट बाबांना दिसले असते. आरशासमोर उभा राहिलो आणि मला रडू फुटलं. दादासाठी करण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. दहा दिवस गालाला हात न लावणं, एवढंच होतं, आणि तेही मला मोडायचं होतं. नळ सोडून ठेवला आणि रडून घेतलं. मग तोंड धुऊन बाबांसमोर गेलो.

दिवस काढले. आईनं घरात फोडणी बंद ठेवली आणि बाबांच्या वाटीपुरती चोरून घातली. ती परसात कपडे धुवायच्या दगडाशी जाऊन रडायची आणि डोळे लाल दिसले की कांद्यावर घालायची. ओटीवर कुणी भेटायला येऊन गळा काढेल म्हणून आम्ही बाबांची खुर्ची आत खिडकीशी घेतली, ओटीवर वारं फार लागतं असं सांगितलं. रविवारी दादा आला नाही, तेव्हा गाडी नाशिकला गेली म्हणालो. दिवसाआड मी साबणाचा फेस करत होतो. गावात लोक माझ्या तुळतुळीत गालांकडे बघून मान फिरवत होते. बघू देत, मी मनात म्हणायचो, झाकली मूठ सव्वा लाखाची.

खिडकीतून गल्ली दिसते हे मला माहीत होतं. गल्लीत काय दिसतं, ते माझ्या ध्यानात आलं नाही.

त्या सकाळी डावा गाल झाला होता. उजव्याला साबण लावला आणि बोट त्यांच्या तोंडात घालणार, तोच त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. खिडकीबाहेर आमचा चुलतभाऊ सायकल हातात धरून चालला होता. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. तो वळणावर दिसेनासा झाल्यावर ते सावकाश, एकेक शब्द जुळवत बोलले.

"सगल्या भावकीची दाडी वाढलीय. तुझी नि माझीच न्हाय."

मी वस्तरा खाली ठेवला.

"भावकीतला दुसरा कोन असता, तर तू आपली पन केली नसतीस."

आमच्या दोन चेहऱ्यांवरून मी सुतक पुसून टाकलं होतं आणि आख्ख्या गल्लीनं ते पाळलं होतं. म्हाताऱ्यानं खिडकीत बसून एकेक गाल बघितला होता. कोण गेलं ते त्यांनी विचारलंच नाही. मी खाली बसलो आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांचा डावा हात माझ्या केसांत आला. तो थरथरत होता, पण आवाज फुटत नव्हता. रडायलाही त्यांची एकच बाजू उरली होती.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "साबन पूस."

उजव्या गालावरचा वाळलेला साबण मी ओल्या फडक्यानं पुसला. ती बाजू तशीच राहिली. आता ओटीवर ने म्हणाले. तिथं ते एक गाल गुळगुळीत आणि एक खुंटाचा असे बसून राहिले, येईल त्याच्यासमोर, टॉवेल न घेता. आई त्यांच्या पायाशी बसली आणि इतके दिवस परसात रडत होती ते तिथं मोकळेपणी रडली. डॉक्टरांना फोन केला. बाबांना काही झालं नाही. काही होईल याची आम्हाला भीती होती, पण काही न होता माणूस हे सगळं सोसत बसतो, ते बघणं जास्त कठीण गेलं.

दहाव्याला भावकीतले सगळे पुरुष खाडीवर जाऊन दाढ्या करून आले. मग मी बाबांची करायला बसलो. दोन्ही गाल झाले, हनुवटी झाली. वस्तरा पुसायला घेतला तर त्यांनी मिशीवर बोट ठेवलं.

आत्या म्हणाली, असं नसतं. मिशी मोठ्यासाठी काढतात, आईसाठी, बापासाठी. बापानं पोरासाठी काढायची नसते. माझ्याकडेही ती बघत होती, की मी तरी नको म्हणावं.

बाबा म्हणाले, "म्होरं गेला तो. म्हंजे मोठाच झाला मंग."

मी साबण लावला, नाक हलकेच वर धरलं आणि मिशी काढली. जन्मल्यापासून मी बाबांना मिशीशिवाय पाहिलं नव्हतं. फडकं फिरवून बाजूला झालो. आईनं बघितलं आणि तोंडावर पदर घेतला. दादा मिशी ठेवायचा नाही. बाबांचा वरचा ओठ हुबेहूब त्याचा होता.