बुधवारचं विमान

इंदूला पोचवायला मुंबईपर्यंत जायचं, हे माझं मीच ठरवलं. कोणी बोलावलं नव्हतं. इंदू माझी एकुलती लेक. पहिल्या बाळंतपणाला आफ्रिकेतून माहेरी आली होती. पोरगी पाच महिन्यांची झाली तेव्हा जावई न्यायला आले. ते तिकडे नैरोबीला रेल्वेच्या हापिसात आहेत. येताना इंदू बोटीने आली. बोट मला कळते, तापीत नाव पाहिलेली आहे. जाताना मात्र विमान. एवढंसं पोर घेऊन ती ज्याच्या पोटात बसणार, ते यंत्र मला एकदा माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. आमचे हे म्हणाले, कापूस वेचणीला आलाय. मी म्हटलं, मग वेचा.

रविवारी नरडाण्याला गाडी धरली. बरोबर दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. भाकरी नेऊ नका, दुसऱ्या दिवशी वातड होते. मुंबईसाठी जळगावला गाडी बदलावी लागते. फलाटावर केळीच्या घडांचे ढीग लावलेले, माणसांनी उभं कुठे राहायचं ते ज्याचं त्याने बघावं. बायकांच्या डब्यात चढलात की लगेच बसा. "सरका हो बाई, सरका" म्हणत उभं राहणारी इगतपुरीपर्यंत उभीच राहते. माझ्यासमोर एक तशी होती. तिने मला विचारलं, "आक्का, कुठं चाललात?" मी म्हटलं, "लेकीला विमानात बसवायला." मग ती सरकून बसलेल्या बाईलाच म्हणाली, "ऐका, हिची लेक उडणार." डबाभर हसल्या. मीही हसले. पोरगी रडायला लागली तशी सगळ्या गप्प झाल्या.

हाटेल स्टेशनापासून घोडागाडीने थोडं पुढे. तिसरा मजला. वर न्यायला लिफ्ट आहे, पण मी जिन्यानेच गेले. विमानात बसणारी बसेल, मला पिंजऱ्यात बसायची गरज नाही. खोली स्वच्छ होती. गाद्या फार मऊ, पाठ दुखते. मी खाली सतरंजीवर झोपले. नळाला पाणी दिवसभर, हे मात्र चांगलं. जेवण खाली मिळतं. आमटीत गूळ इतका की लेकराच्या जावळाच्या जेवणाला केली असावी. पोळ्या पातळ, किती खाल्ल्या ते कळत नाही. ठेचा घरून न्या. स्टो पेटवू देत नाहीत. पोरीला शेकायला निखारे मागितले तर तिथल्या पोऱ्याने रबराची गरम पाण्याची पिशवी आणून दिली. पोरगी तिला चिकटून झोपली. इंदू म्हणाली, "बघ माय, तुझ्या शेगडीवाचून झोपते की." मी पिशवीचं बूच घट्ट आहे का ते पाहिलं.

विमान मंगळवारी संध्याकाळी होतं. वार मीच बघून दिला होता. आमच्यात लेकीला बुधवारी सासरी धाडत नाहीत. जाशील बुधी, तर येशील कधी. माझी थोरली बहीण बुधवारी गेली होती. पुढचं लिहीत नाही.

मंगळवारी दुपारी हाटेलचा मॅनेजर वर आला. म्हणाला, "विमानाच्या हापिसातून फोन होता. आजचं रद्द. दुरुस्ती चालू आहे. उद्या सकाळी निघेल."

"उद्या बुधवार," मी म्हटलं.

"हो, बुधवारच," तो म्हणाला. मी वार विसरले होते असं त्याला वाटलं असावं.

"मग ही दोघं जात नाहीत."

जावई खुर्चीवरून उठले. सासूला मामी म्हणायची आमची रीत. "मामी, रजा संपली. पुढचं विमान आठवड्याने. साहेबाला काय सांगू, बुधवार होता?"

"सांगा."

"हवं तर आत्ता माझी पेटी खाली मॅनेजरकडे ठेवतो. प्रस्थान ठेवतात ना तसं. म्हणजे मंगळवारी निघाल्यासारखं झालं."

"पेटीला धाडायचं नाहीय मला. पेटी परत नाही आली तरी चालेल."

इंदू पोरीचं लंगोट बदलत होती. मान वर न करता म्हणाली, "माय, आपण घरून रविवारीच निघालो ना? मग हाटेलातून बुधवारी गेलं तर काय झालं? ही खोली काय माहेर शे?"

मला राग आला. म्हटलं, "मी जठे शे तठे तुनं माहेर शे."

जावई खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी बोलून गेले ते खरं होतं, आणि त्यातून एकच गोष्ट निघत होती. पोरीची टोपी पलंगाखाली पडली होती, ती मी उचलली, झटकली. मग म्हटलं, "इंदू, लुगडं बदल. ओटी भरते. उजेड आहे तोवर निघा."

"कुठे?" जावई म्हणाले.

"कुठेही. समोर बाग आहे ना, तिथे बसा. दिवेलागण झाली की परत या. तेव्हा मी इथे नसेन. मग ही खोली म्हणजे नुसतं हाटेल. तिथून कोणत्याही वारी उडा."

"आणि विमान? तुम्हाला बघायचं होतं ना?"

"चित्रात बघेन."

ओटीचं सामान घरून आणलेलंच होतं. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड. दही खालून मागवलं, वाटी काचेची आली. इंदूच्या तळहातावर दही घातलं, पोरीच्या कानामागे काजळ लावलं. इंदू पाया पडली तेव्हा म्हणाली, "माय, तू एकटी कशी जाशी?" मी म्हटलं, "तू आफ्रिकेत जाशी, मी नरडाण्याला जाऊ शकत नाही का?" उंबऱ्याबाहेर तिने पाऊल टाकलं. मी आत उभी राहिले. पाठवलेल्या लेकीला मागून हाक मारायची नसते, म्हणून तोंडात पदर धरला. पोरगी जावयांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. तिला वार कळत नाही.

जिन्यावरचा आवाज थांबल्यावर मी बोचकं बांधलं, खोलीला कुलूप लावलं, खाली किल्ली दिली. मॅनेजर म्हणाला, "बाई, मंडळी गेली?"

"गेली."

"पण सामान वर आहे."

"परत येणार आहेत."

"मग तुम्ही थांबा की!"

"तेच तर करायचं नाही," मी म्हटलं. त्याने घोडागाडी बोलावून दिली. माणूस चांगला होता.

गाडी नेमकी बागेवरून गेली. दुसरा रस्ता असता तर बरं झालं असतं. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि पलीकडच्या दुकानांकडे तोंड केलं. एका दुकानात छत्र्या होत्या. त्या मी नीट पाहिल्या. इंदूने मला पाहिलं की नाही, माहीत नाही.

तिकिटाच्या रांगेत घाबरू नका. गावाचं नाव मोठ्याने सांगा, परत मिळालेली मोड तिथेच बघा. रात्रीच्या गाडीला गर्दी कमी होती. उजाडलं तेव्हा जळगाव आलं. नरडाण्याच्या गाडीला वेळ होता. फलाटावर चहा घेतला. आता ते निघाले असतील, असं मनात आलं. वर पाहिलं नाही. तिथून काय दिसणार होतं?

घरी पोचले तर शेजारची कासाबाई ओट्यावर हजर. "आक्का, आज बुधवार ना? बुधवारले पोर धाडी तू?"

"मंगळवारले धाडी," मी म्हटलं आणि आत गेले. आढ्याला पोरीची झोळी तशीच टांगलेली होती. ती सोडून घडी केली. झोळीचं लुगडं माझंच होतं, धुऊन नेसता येईल.

एवढं सगळं करून ती परत येईल का, हे मला कोणी विचारू नये. मला जे करता येण्यासारखं होतं ते मी केलं. मुंबई बघण्यासारखी आहे, पण मी फारशी बघितली नाही. नळाचं पाणी आठवतं. रबराची पिशवी आठवते. छत्र्या तर अजून दिसतात, काळ्या, एक लाल.

आमचे हे शेतावरून आले. हातपाय धुतले, ताटावर बसले, आणि मग विचारलं, "कसं व्हतं विमान?"

"देखं नही."

त्यांनी घास थांबवला. "मग इतलं लांब जाईसन काय करं तू?"

मी भाकरी वाढली. म्हटलं, "येळवर तठून निंघी उनू."