दोन थापा म्हणजे येऊ द्या

मी बत्तीस वर्षे ट्रक चालवला आणि त्या काळात एकदाही मागे पाहिले नाही.

यात फुशारकी नाही. ती पद्धत होती. मागे पाहणे हे क्लीनरचे काम. आमचा नामा ट्रकच्या मागे उभा राही आणि पत्र्यावर हाताने थाप देई. दोन थापा म्हणजे ‘येऊ द्या’, एक थाप म्हणजे ‘थांबा’. त्याने थाप द्यावी आणि मी ऐकावे, एवढ्या भरवशावर पाबळकडचा कांदा पुण्याला गेला आणि ऊस कारखान्याला. ट्रकला आरसे होते. त्यांत मी मिशी पाहत असे.

ट्रकमध्ये दोष एकच होता. तो डिझेल पीत असे. शिरूरपासून चौफुल्यापर्यंतचे पंपवाले त्याला लांबून ओळखत आणि मला वाकून नमस्कार करीत. (तो नमस्कार मला नसून टाकीला होता, हे फार उशिरा कळले.) उभ्या ट्रकचाही काटा खाली येतो, असे आमच्या मंडळींचे म्हणणे होते. ही अतिशयोक्ती आहे. फार थोडा येई.

दुसरा दोष ट्रकचा नव्हता, माझ्या व्याह्यांच्या अंगणाचा होता. आमची लेक यवतजवळ एका मळ्यात दिली आहे. व्याही एकदा सोसायटीचे चेअरमन झाले आणि तेव्हापासून त्यांना घरातलेसुद्धा चेअरमन म्हणतात. त्यांच्या ओट्याच्या पायरीला दोन बाजूंना दोन सिमेंटचे सिंह होते. लेकीच्या लग्नात मी वऱ्हाड घेऊन ट्रक मागे घेतला आणि डावा सिंह गेला. (नामा त्या वेळी पंगतीत बसला होता. पंगतीतून थाप देता येत नाही.) पुढे कांद्याचे बियाणे पोहोचवायला गेलो, तेव्हा गेट गेले. त्यानंतर प्रत्येक सणाला लेकीची सासू तिला विचारू लागली, “आबा येनार हायती का गं? न्हाई, म्हंजी गोठ्याम्होरं काय तरी आडवं लावाया बरं.”

लेक हे फोनवर सांगताना हसत असे. मी हसत नसे.

ट्रक विकण्याचा विषय आमच्या सुनेने काढला. सुरेखा सणसवाडीच्या एका कंपनीत माल तपासण्याच्या खात्यात आहे, त्यामुळे तिला कोणत्याही वस्तूतील दोष त्वरित दिसतो.

“आबा, कांदा आता टेम्पोवाले नेत्यात. तुम्ही ह्यो ट्रक घेऊन जाता कुठं? तर दाढीला!”

“मग काय चालत जाऊ?”

“छोटी गाडी घ्या. सगळ्यांनाच बसता येईल.”

‘सगळ्यांनाच’ या शब्दावर तिने किंचित जोर दिला होता. वाहन चालविण्याचा परवाना तिने दोन महिन्यांपूर्वीच काढला होता, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते.

शिरूरच्या दुकानात टाय लावलेला एक विक्रेता होता. तो म्हणाला, “काका, पेट्रोलचा नुसता वास दिला तरी पळते ही गाडी.”

“मग पेट्रोल टाकायचं कशाला?” मी विचारले. त्याने टाय नीट केला.

आत बसलो तर फेटा छताला टेकला. सुरेखा म्हणाली, “फेटा काढा, आबा.” मी म्हणालो, “फेटा राहील. छताचं काय करायचं ते बघा.” शेवटी आसन मागे रेलवले. फेटा वाचला, मात्र समोर रस्त्यापेक्षा आभाळ जास्त दिसू लागले. ट्रक त्यांनी जुन्या मालात जमा करून घेतला. त्याला निरोप द्यायला नामा आला होता.

“मालक, आता थाप कोन देनार?”

“लहान गाडी हाय. लागणार नाही.”

“व्हय,” नामा म्हणाला. त्याने ट्रकच्या मागच्या फळीवर एक थाप दिली आणि तो निघून गेला.

गाडी खरोखरच वासावर चालत असावी. महिना झाला तरी पंपावर जाण्याची वेळ आली नाही. अखेर पंपवाला स्वतःच घरी आला आणि दारात उभा राहून हलक्या आवाजात म्हणाला, “आबा बरं हायेत ना? न्हाई, बरंच दिस दिसलं न्हाईत...” मी त्याच्यासमोर येऊन उभा राहिलो, तेव्हा त्याला बरे वाटले की वाईट, हे चेहऱ्यावरून कळले नाही.

आणि मग लेकीच्या मुलाचे जावळ आले.

आमच्यात जावळाचा बोकड आजोळाने न्यायचा असतो. मी पाळलेला बोकड निवडला. काळा, उंच, पीळदार शिंगांचा आणि स्वभावाने माझ्यासारखा, असे आमच्या मंडळींनी सांगितले. प्रश्न गाडी कोण चालवणार हा होता.

“आबा, जावळाला गाडी मी चालवते,” सुरेखा म्हणाली.

“घरात मी असताना?”

“चेअरमनमामांचा उजवा सिंह ऱ्हायलाय अजून.”

हे वाक्य अंगणात, चार माणसांसमोर उच्चारले गेले. मी उठून उभा राहिलो. “चेअरमनच्या घरचं माझ्या हातनं काय बी मोडलं, तर किल्ली तुझी. कायमची.”

“आत्याबाई, ऐकलंत न्हवं?”

“आळीनं ऐकलं,” आमच्या मंडळी म्हणाल्या.

सकाळी निघालो. मुलगा दत्ता रात्रपाळी करून परस्पर मोटारसायकलवर येणार होता. शेजारी सुरेखा, मागे आमच्या मंडळी आणि त्यांच्याही मागे, डिकीत, बोकड. बोकडाचे तोंड आसनाच्या वर येत होते आणि तो मंडळींच्या खांद्यावरून रस्ता पाहत होता. (रस्ता पाहणारा तो गाडीतील एकमेव पुरुष होता, असे सुरेखा आजही म्हणते.) मी पट्टा लावला नव्हता, म्हणून शिक्रापूरपासून गाडी सारखी टुंग-टुंग करीत होती. यंत्राने सांगावे आणि माणसाने ऐकावे, हे मला मान्य नाही. न्हावऱ्यापर्यंत मला तो आवाज ऐकू येईनासा झाला.

“आबा, ह्या पडद्यावर देवाचा फोटू कशाला लावलाय? गाडी मागं घेताना ह्यात दिसतंय सगळं.”

“देवाला दिसतंय. पुरे.”

मळ्यात मांडव उभा होता. चेअरमनांनी उजव्या सिंहाला पोत्यात गुंडाळून भोवती ट्रॅक्टरची दोन जुनी टायरे रचून ठेवली होती. मला त्याचा राग आला. लेकीच्या सासूबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आल्या, म्हणून आमच्या मंडळी आणि सुरेखा उतरल्या. आता गाडीत मी आणि बोकड.

इथे मी गाडी सरळ उभी करून उतरू शकलो असतो. परंतु ट्रकवाल्याचे दोन नियम असतात. गाडीचे तोंड नेहमी रस्त्याकडे हवे आणि माल दाराशी उतरला पाहिजे. शिवाय आजोळचा बोकड अंगणाच्या कडेला, चोरून आणल्यासारखा उतरवायचा? मी गाडी वळवली, पाठ मांडवाकडे केली, उलटा गिअर टाकला आणि बत्तीस वर्षांच्या सवयीने थांबून राहिलो.

मागून पत्र्यावर दोन थापा पडल्या.

स्वच्छ, ठाम, समान अंतराच्या! अशी शिस्तीची थाप नामाकडूनही कधी आली नव्हती. माझ्या मनात आले, चेअरमनांनी अखेर माझ्यासाठी माणूस उभा केला. एवढ्या वर्षांत व्याह्यांनी केलेला हा पहिला मान होता. मला बरे वाटले. मी क्लच सोडला.

रांगोळी गेली. त्यामागोमाग पाहुण्यांच्या चपलांची रांग गेली. मला काही जाणवले नाही. गाडी फारच नरम आहे. आतला टुंग-टुंग आवाज वाढला, तो मी पट्ट्याच्या खात्यात जमा केला. मी थांबलो. पुन्हा दोन थापा!

आलो. मांडवाचा एक खांब आडवा झाला आणि कापड अर्ध्या पाहुण्यांवर हळूहळू खाली बसले. काचा बंद होत्या, आत गार हवा होती, बाहेर बाजा वाजत होता. समोरच्या काचेतून मला सुरेखा दोन्ही हात वर करून धावत येताना दिसली. मला वाटले, ती हरल्याचे कबूल करीत आहे.

दोन थापा.

“आबा! थांबा! आबाऽऽ!” हे शब्द ती उच्चारत होती, असे नंतर दत्ताने सांगितले. सासूबाईंच्या हातातला तांब्या पडला. चेअरमन स्वतः सिंहापुढे उभे राहिले, गाडी थांबत नाही हे पाहिले आणि बाजूला झाले. पदाचा अनुभव असा उपयोगी पडतो.

गाडी टायरांवर आदळली. टायरे सिंहावर आदळली. एवढी हलकी गाडी, सिंह मोडणार कसा? तो मोडला नाही. तो पोत्यासकट डुलला, विचार करीत राहिला आणि पुढे झुकून माझ्या डिकीवर पडला. पूर्वी माझ्या ट्रकने सिंह मोडला होता; आता सिंहाने माझी गाडी मोडली. डिकीचे दार उघडले आणि आतून आजोळचा बोकड उतरला. दारात, मांडवाकडे तोंड करून, अगदी मला हवा होता तसा!

मी खाली उतरलो. “थाप कोण देत होतं?”

बोकडाने दोन पावले मागे घेतली आणि चेअरमनांच्या पाण्याच्या टाकीला लागोपाठ दोन टकरा दिल्या. स्वच्छ, ठाम, समान अंतराच्या.

“त्यो बघा तुमचा क्लीनर,” आमच्या मंडळी म्हणाल्या.

त्यानंतर बोकड आचाऱ्याच्या कोथिंबिरीतून आणि न्हाव्याच्या पेटीवरून उसात गेला, तो चार तास सापडला नाही. जावळ झाले. नातू मामाच्या मांडीवर एवढा खदाखदा हसत होता की न्हाव्याला हात थांबवून धरावा लागला. पंगतीला डाळ-वांगे वाढले गेले. मी माझी बाजू मांडली. सिंह बोकडाने पाडला; मी केवळ क्लच सोडला.

“बरूबर हाय,” चेअरमन म्हणाले. “मंग मांडवाचा खांब?”

“खांब मांडववाल्याचा. तुमच्या घरचा नाही.”

“आन् सिंहाचं नाक?”

पोते सोडून पाहिले. सिंहाला नाक नव्हते. ते माझ्या डिकीत मिळाले. सुरेखाने हात पुढे केला. मी किल्ली दिली. लेक दारात उभी होती, पदर तोंडाला लावून. रडत आहे असे समजून मी जवळ गेलो. ती हसत होती. तिची सासूही हसत होती. दोघी एकमेकींना धरून. त्या घरात मी असे प्रथमच पाहिले. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

संध्याकाळी सापडलेला बोकड कापायला कोणी तयार होईना. सासूबाई म्हणाल्या, “देवानंच राखलाय त्याला.” तो आता चेअरमनांच्या ओट्यापाशी, डाव्या सिंहाच्या जागी बांधलेला असतो. नाक नसलेल्या सिंहाशेजारी तो रुबाबदार दिसतो. पाहुण्यांना त्याची ओळख ‘आबांचा क्लीनर’ अशी करून देतात.

हल्ली गाडी सुरेखा चालवते. तिला मागचे पडद्यावर दिसते. तरीही ती गाडी मागे घेऊ लागली की मी खाली उतरतो, मागे जाऊन उभा राहतो आणि पत्र्यावर दोन थापा देतो. ती एकदाही ऐकत नाही. परवा नामा पारावरून हे पाहत होता. तो शांतपणे म्हणाला, “मालक, थाप बरी हाय तुमची. पन बोकडाइतका हात बसला न्हाई अजून.”