चिवळ समजून रांधलेली साहेबांची हिरवळ

सासूबाईंनी माझ्या हातची भाजी खाल्ली आणि त्या ओसरीवर डोळे पांढरे करून आडव्या झाल्या. माझ्या लग्नाला सहावा महिना होता. सासू संपवायला एवढा काळ पुरतो, असं गल्लीचं मत पडलं!

“काय घातलंस गं भाजीत?” शेजारच्या गंगूकाकू ओरडल्या.

“लसूण!”

“अन् इख?”

खरं सांगते. निजामाचं राज्य होतं, आणि परभणीत तहसीलदारसाहेबांच्या बंगल्यावर आमचे हे माळी होते. त्या सकाळी मी तिथं खुरपायला गेले. खुरपायला गेलेली बाई घोळ, चिवळ अशी काहीतरी रानभाजी ओटीत घालून घरी आणतेच. रिकामी आली तर सासू विचारते, “तितं झोपायला गेलतीस का?” फाटकाजवळच्या दगडांत गुबगुबीत, इवल्या पानांची दाट चादर पसरली होती, जमिनीला अगदी चिकटून. म्हटलं, केवढी ही चिवळ! सगळी ओरबाडली. शिजवली. सासूबाई म्हणाल्या, “आज लय झणझणीत झालीय!” आणि दोनदा वाढून घेतली. (लग्नानंतरचं पहिलं कौतुक!)

तेवढ्यात हे धापा टाकत आले, मागे बंगल्याचा चपराशी.

“साहेबांनी हैदराबादहून आणून लावलेली हिरवळ कुटं हाय?” ह्यांनी विचारलं.

मी कढईकडे बोट केलं.

“अरे, वो खाने का नई!” चपराशी कपाळ बडवत म्हणाला. “साहब बोले थे, जहरी है, बकरी कू भी दूर रखो!”

सासूबाई कण्हल्या. ह्यांनी त्यांना मीठपाणी पाजायला घेतलं. गंगूकाकू माझ्याकडे वळल्या. “तू खाल्लीस का?”

“न्हाई. सून शेवटी जेवती ना!”

“बगा! सोता न्हाई खाल्ली!”

दारात माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, “पोलीस पाटलाला बोलवा.” माझं डोकं फिरलं. कढईतली उरलेली सगळी भाजी मी मुठीनं तोंडात कोंबली. “घ्या! आता पटलं का?”

जीभ पेटली. मी कढईशेजारीच आडवी झाले. तिकडे सासूबाई भडाभडा ओकल्या, उठून बसल्या आणि म्हणाल्या, “आता ही कामून पडली?”

मी तीन दिवस अंथरुणात होते. ओरबाडताना दगडांत सांडलेल्या तुकड्यांना मुळं फुटून महिन्याभरात हिरवळ परत आली, म्हणून ह्यांची नोकरी टिकली.

आम्ही दोघीही वाचलो. सासूबाई पुढे पस्तीस वर्षं जगल्या, आणि शेवटपर्यंत स्वयंपाक त्यांनीच केला.